योग सुरू करताना : पहिले दोन महिने

योगवर्गात नव्याने येणारी माणसं बहुतेक वेळा हेच दोन प्रश्न घेऊन येतात. "माझे हात पायाच्या बोटांपर्यंत पोचत नाहीत, मला जमेल का?" आणि "पाठदुखी किती दिवसांत जाईल?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जमेल, कारण हात बोटांना लागलेच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे आणि हा लेख बराचसा त्यासाठीच आहे.

माझा आग्रह एकच : पहिले दोन महिने थोडं करा, सावकाश करा, रोज करा आणि सुरुवात श्वासापासून करा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. २१ जूनच्या किंवा १ जानेवारीच्या उत्साहात मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालायचे, तिसऱ्या दिवशी मांड्या भरून यायच्या आणि आठवड्याच्या आत चटई कपाटावर जायची. यात दोष त्यांच्या शरीराचा नसतो, क्रमाचा असतो.

आधी तब्येतीची चौकशी

चाळिशीच्या आतले असाल आणि कुठलाही आजार नसेल, तर खाली दिलेला अभ्यास निर्धास्त सुरू करा. पुढच्यापैकी काही असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही पहिल्याच दिवशी सांगा. लाजू नका.

उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरायचा नाही, डोकं खाली जाईल अशी आसनं करायची नाहीत, जोरात कपालभाती (पोटाच्या झटक्यांनी श्वास बाहेर टाकायची क्रिया) करायची नाही. काचबिंदू असेल तरी डोकं खाली नको, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढतो. मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा हाडं ठिसूळ झालेली असतील, तर कमरेत खोल पुढे वाकणं टाळा. मानेचा त्रास असेल तर सर्वांगासन आणि हलासन विसरा. हर्निया असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, तर पोटावर ताण येणारं काहीही नको. गरोदरपणात पालथं झोपून करायची आसनं, पोट पिळणारी आसनं आणि कपालभाती वर्ज्य. या काळात घरी एकटीने प्रयोग न करता जाणत्या शिक्षिकेकडे जावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अगदी उपाशीपोटी अभ्यास करावा की नाही, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, कारण साखर एकदम उतरू शकते.

यादी लांबलचक वाटली तरी यातल्या जवळजवळ प्रत्येकाला करता येण्यासारखं बरंच काही उरतं. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नसेल, तर खुर्चीवर बसून श्वसन आणि खांद्या-मानेच्या हालचाली करता येतात. योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुढे आयुष्यभर तिथेच शिकवत राहिले. पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या आणि लोड यांच्या आधाराने आखडलेल्या, आजारी, वयस्क माणसांनाही आसन करता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आधार घेतला म्हणजे आसन कमी प्रतीचं झालं, असा समज मनातून काढून टाका.

जागा आणि वेळ

हात-पाय पसरून उताणं झोपता येईल एवढी जागा पुरे. नुसत्या फरशीवर नको; ती गार असते आणि पाय सरकतो. घसरत नाही अशी योगा मॅट घ्या, नाहीतर जाड सतरंजी दुमडून घ्या. उभ्याची आसनं मात्र सतरंजीवर न करता मॅटवर करा किंवा अनवाणी पायांनी कोरड्या जमिनीवर. कपडे सैल हवेत आणि कमरेला काही करकचून बांधलेलं नको.

पोटभर जेवणानंतर तीन-चार तास, नाश्त्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. पहाटेची वेळ उत्तम असते हे खरं, पण ज्या घरात सहा वाजता पाणी येतं, डबे भरायचे असतात, मुलांची शाळेची गाडी गाठायची असते, तिथे पहाटेचा हट्ट धरला की अभ्यास बंद पडतो. संध्याकाळी जेवणाआधी वीस मिनिटं मिळत असतील तर तीच तुमची चांगली वेळ. सकाळी शरीर आखडलेलं असतं, संध्याकाळी ते मोकळं असतं. नवशिक्याला उलट हे सोयीचंच पडतं.

पहिला आठवडा : श्वास आणि शवासन, बाकी काही नाही

हा आठवडा लोकांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे.

उताणे झोपा. पायांत दीड-दोन फूट अंतर, पावलं बाहेरच्या बाजूला सैल पडलेली, हात शरीरापासून थोडे दूर, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा लोड घ्या; हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली चादरीची पातळ घडी. थंडीत अंगावर पांघरूण घ्या, कारण शरीर स्थिर झालं की गार पडू लागतं.

आता एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. कोणता हात हलतो? बऱ्याच जणांचा फक्त छातीवरचा हलतो. काहींचं तर श्वास घेताना पोट आत जातं, म्हणजे श्वास चक्क उलटा चाललेला असतो. पोट सतत आत ओढून धरायची सवय, घट्ट कपडे, दिवसभर खुर्चीत पुढे झुकून बसणं, मनावरचा ताण, अशी कारणं त्यामागे असतात. छाती आणि पोट यांच्या मधोमध श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली उतरतो, पोटातले अवयव थोडे पुढे ढकलले जातात आणि पोट फुगतं. म्हणून पोटावर टॉवेलची घडी ठेवा. श्वास घेताना ती वर यावी, सोडताना खाली जावी. जोर लावू नका. दोन-तीन दिवसांत ते आपोआप जमू लागतं.

पुढची पायरी म्हणजे श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावणं. मनात मोजत तीन आकड्यांत घ्या, पाच-सहा आकड्यांत सोडा. धाप लागेल किंवा पुढचा श्वास ओढून घ्यावा लागेल इतकं लांबवू नका.

हे कशासाठी, ते तुमच्या मनगटावर तुम्हालाच तपासता येईल. नाडीवर बोटं ठेवून सावकाश श्वसन करा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. तरुण माणसांत हा फरक जास्त जाणवतो, वयानुसार कमी होतो. हृदयाचा वेग उतरवणारी मज्जासंस्था श्वास सोडताना जास्त काम करते, म्हणून असं घडतं. विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो सावकाश करत सहा-सातवर आणला, तर या शांत करणाऱ्या यंत्रणेला भरपूर वाव मिळतो. हृदयाच्या ठोक्यांवर आपला थेट ताबा नाही, रक्तदाबावर नाही, पचनावरही नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण ठरवलं तर आपल्या म्हणण्याप्रमाणेही चालतो. योगाचे शरीराला आणि मनाला जे फायदे होतात, त्यांतला मोठा वाटा या एका दारातून येतो.

रोज दहा मिनिटं हे श्वसन आणि नंतर पाच मिनिटं काहीही न करता शवासन, एवढाच पहिला आठवडा. झोप लागली तरी चालेल. झोप लागते आहे याचा अर्थ ती अपुरी पडत होती.

दुसरा आठवडा : सांधे मोकळे करणं

आपल्याकडच्या वर्गांत यांना पूरक हालचाली म्हणतात. घोटे फिरवणं, गुडघे वाकवणं आणि सरळ करणं, खांदे गोल फिरवणं, मान हळूच उजवी-डावीकडे वळवणं. मान मात्र पूर्ण गोल फिरवू नका. पुढे, मागे, बाजूंना, एका वेळी एक दिशा. प्रत्येक हालचाल पाच-पाच वेळा. सकाळी उठल्यावर टाच दुखणाऱ्यांना आणि संगणकावर काम करणाऱ्यांना याचा फरक चटकन कळतो.

तिसऱ्या आठवड्यापासून : मोजकी आसनं

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था उभारली आणि त्याच वर्षी तिथून 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांच्या वेळी शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजायच्या साधनांनी तपासायला घेतलं. या परंपरेतून आलेले शिक्षक एका गोष्टीवर फार भर देतात : आसन म्हणजे झटक्याने केलेला व्यायाम नव्हे. स्नायू झटक्याने ताणला तर तो स्वतःच्या बचावासाठी उलट आकसतो. सावकाश ताणून तिथेच थांबलं, श्वास चालू ठेवला, की काही सेकंदांनी तो सैल पडू लागतो. म्हणून आसनात जाताना हळू, तिथे तीन ते पाच श्वास मुक्काम, बाहेर येतानाही हळू.

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचं असावं एवढंच म्हटलं आहे. याचा व्यवहारात उपयोग असा : आसनात चेहरा आवळला जातो आहे का आणि श्वास अडकतो आहे का, ते पाहा. तसं होत असेल तर दोन इंच मागे या. तीच आज तुमची जागा.

*ताडासन.* पावलं जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात वर ताणून. दिसायला सोपं आहे, पण आपण बहुतेक वेळ एकाच पायावर भार देऊन उभे असतो, हे इथे पहिल्यांदा लक्षात येतं.

*वृक्षासन.* भिंतीजवळ उभे राहा. एका पायाचं पाऊल दुसऱ्या पायाच्या पोटरीला किंवा मांडीला लावा, गुडघ्याला कधीही नाही. नजर समोर एका ठिकाणी. घोट्याचे बारीक स्नायू सतत काम करतात आणि तोल सुधारतो. साठीनंतर पडून हाड मोडणं ही मोठी आपत्ती असते, म्हणून आई-वडिलांना हे आसन भिंतीला हात टेकवून अवश्य करायला लावा.

*मार्जारासन.* हात-गुडघ्यांवर, श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर कमानीसारखी. आखडलेल्या पाठीला इतकं सौम्य आणि इतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही. गुडघ्यांखाली घडी घ्या. दहा वेळा करा.

*भुजंगासन.* पालथे झोपा, हात छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला लागून. इथे नवशिके हातांनी जोर देऊन स्वतःला वर ढकलतात आणि कमरेत कळ आणतात. आधी तळवे जमिनीवरून किंचित उचलून, फक्त पाठीच्या बळावर छाती वर येते तेवढीच आणा. चार बोटं वर आली तरी पुष्कळ. बेंबी जमिनीला टेकलेली राहू द्या. दिवसभर पुढे झुकलेल्या पाठीच्या स्नायूंना याने बळ येतं.

*सेतुबंधासन.* उताणे, गुडघे दुमडून पावलं जमिनीवर, श्वास घेत कंबर वर. बैठ्या कामाने नितंबांचे स्नायू दुबळे होतात आणि त्यांचा भार कमरेवर पडतो. ते स्नायू इथे पुन्हा कामाला लागतात.

*वक्रासन* आणि *पवनमुक्तासन* ही आणखी दोन. पहिल्यात पाठीचा कणा ताठ ठेवून बाजूला वळायचं, दुसऱ्यात उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा. आणि शेवटी पाच ते दहा मिनिटं शवासन. घाई असेल त्या दिवशी एखादं आसन वगळा, शवासन वगळू नका.

पायाच्या बोटांना हात लावण्याबद्दल सुरुवातीला म्हटलं होतं, ते आता सांगते. मांडीच्या मागचे स्नायू आखूड झालेले असले, की पुढे वाकताना माणूस कमरेतून गोल होतो आणि मणक्यांवर ताण देतो. त्यापेक्षा गुडघे थोडे वाकवा आणि पाठ सरळ ठेवून नितंबांच्या सांध्यातून वाका. हात नडगीवर पोचले तरी आसनाचा लाभ पूर्ण मिळतो.

पाचव्या आठवड्यापासून : प्राणायाम

पाठ ताठ राहील असं बसा, खुर्चीवरही चालेल. अनुलोम-विलोमात उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डाव्या नाकपुडीवर. डावीने घ्या, उजवीने सोडा. उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. सहा आवर्तनांनी सुरू करा, पुढे दहा-बारापर्यंत न्या. श्वास मध्ये रोखायचा नाही. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, हा शिक्षकांच्या समोर, पुष्कळ पुढे शिकायचा विषय आहे. सर्दीने नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी सोडून द्या.

भ्रामरी त्याहून सोपी. श्वास घ्यायचा आणि ओठ मिटून, दात किंचित विलग ठेवून गुणगुणत सोडायचा. आवाज निघत असेपर्यंत श्वास घाईने बाहेर जाऊच शकत नाही, त्यामुळे तो न मोजता लांबतो. रात्री झोप येत नाही म्हणणाऱ्यांना मी आधी हीच सांगते : अंथरुणावर बसून सात वेळा.

कपालभातीचं काय, हा प्रश्न येतोच. परंपरेत ती शुद्धिक्रिया मानलेली आहे, प्राणायामात तिची गणना नाही. तिचे झटके जोरदार असतात. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया यांपैकी काही असेल तर ती करू नये, आणि बाकीच्यांनीही पहिल्या दोन महिन्यांत तिच्यामागे लागू नये. टीव्हीसमोर बसून शेकड्यांनी झटके मारण्यापेक्षा सहा सावकाश श्वास नवशिक्याच्या जास्त कामाचे आहेत.

मनाचं काय होतं

पहिले काही दिवस डोळे मिटले की विचार वाढल्यासारखे वाटतात. ते वाढलेले नसतात, इतर वेळी गडबडीत दिसत नव्हते ते आता दिसतात. मन भटकलं हे लक्षात आलं की पुन्हा श्वासाकडे यायचं. स्वतःवर चिडायचं नाही. हे परत परत येणं हाच मनाचा व्यायाम आहे. काही आठवड्यांनी त्याचा परिणाम चटईबाहेर दिसतो : लोकलमध्ये कुणी धक्का दिल्यावर, साहेबांचा फोन आल्यावर, मुलाचा निकाल पाहिल्यावर, राग यायच्या आणि बोलायच्या मध्ये एक श्वास जाईल एवढी जागा तयार होते.

चिंता आणि उदासी यांत योगाचा उपयोग होतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, पण तो उपचारांच्या जोडीने. तुम्ही गोळ्या घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. काही माणसांना डोळे मिटून श्वासाकडे पाहिलं की उलट घाबरं होतं, छाती भरून येते. तसं झालं तर डोळे उघडे ठेवा, उभ्याची आसनं करा, पावलं जमिनीला टेकल्याची जाणीव घ्या. आणि मनाचा भार सोसवेनासा झाला असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

काय अपेक्षा धरावी, काय धरू नये

साधारण अनुभव असा की झोप आणि श्वास आधी सुधारतात, पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. मान-खांद्यांचा आखडलेपणा त्यानंतर सुटतो. पाठदुखीला वेळ लागतो. दोन-तीन महिने तरी द्या. जुनाट कंबरदुखीवर योगाची शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे, औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांमध्ये. मात्र कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पायातली ताकद कमी वाटत असेल, तर आसनं थांबवून आधी डॉक्टर. रक्तदाबात थोडी उतार पडते, पण गोळी सुटेल इतकी पडलीच असं धरून चालू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

सर्वांगासनाने थायरॉईड बरा होतो, अमुक मुद्रेने मधुमेह जातो, असे दावे फोनवर रोज फिरतात. त्यांवर विसंबून कुणी औषध सोडलं की मला फार वाईट वाटतं, कारण नुकसान झाल्यावरच ते कळतं. मधुमेहात योगाने साखर आटोक्यात ठेवायला मदत होते, ती आहार, औषध आणि चालणं यांच्या सोबत. वजनाचंही तसंच. सावकाश आसनांत फारशी ऊर्जा खर्च होत नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी भरभर चालणं चालूच ठेवा.

प्रगती मोजायची तर एक वही करा. आसन किती वाकलं ते त्यात लिहू नका. झोप कधी लागली, सकाळी उठताना पाठ कशी होती, जिना चढताना दम लागला का, एवढ्या तीन ओळी रोज लिहा. महिन्याभराने मागची पानं चाळली की कुणी सांगायची गरज उरत नाही.

वर्ग निवडताना

दोन महिने घरी झाले की, जमल्यास त्याआधीच, एखाद्या वर्गाला जा. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. महाराष्ट्रात या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये सुरू केलेली आणि आता सांताक्रूझला असलेली द योगा इन्स्टिट्यूट, लोणावळ्याचं कैवल्यधाम, पुण्याची रमामणी अय्यंगार संस्था, नाशिकचं योग विद्या धाम, ठाण्याचं घंटाळी मित्र मंडळ, नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, या संस्थांतून तयार झालेले शिक्षक गावोगावी आहेत. बऱ्याच ठिकाणी शुल्क अगदी माफक असतं, काही ठिकाणी नसतंच.

नाव मोठं आहे का यापेक्षा पहिल्या दिवशी या गोष्टी पाहा. शिक्षक तुमच्या आजारांची चौकशी करतात का? दुखतं म्हटल्यावर "सहन करा" म्हणतात की दुसरा प्रकार सुचवतात? पाठीवर दाब देऊन ढकलतात का? तसं करत असतील तर तिथून निघा. शवासनाला वेळ देतात का? आणि वर्गात तुमच्याहून वयस्क, जाड, आखडलेली माणसं दिसतात का? ती नियमित येत असतील तर तो वर्ग चांगला आहे, नाव नोंदवा.